सिंकवरच्या डब्याला लागलेला घोर

मी सिंकवरच्या भिंतीवरून बोलतोय. इकडे वर बघा. नळाच्या शेजारी, जरा डावीकडे कललेला निळा डबा दिसतो ना, तोच मी. माझं खोक्यावर छापलेलं नाव सॅनिटायझर डिस्पेन्सर. नाव अंगापेक्षा मोठं असल्यामुळे ते कोणी घेत नाही. या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात मला सगळे नुसतं 'डबा' म्हणतात.

बोलायला तोंड उघडलंय खरं, पण आधीच सांगून ठेवतो, मी जन्माचा घाबरट आहे. मला सतत कसला ना कसला घोर लागलेला असतो. तुम्ही म्हणाल, भिंतीवरच्या डब्याला कसली आलीय काळजी? आधी माझं काम ऐका, मग हसा.

सिंकला तीन कप्पे आहेत. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी आणि तिसरा माझा. घासून विसळून झालेली भांडी शेवटी माझ्या पाण्यात बुडतात, म्हणजे उरलेसुरले जंतू मरतात. माझ्या खाली जमिनीवर औषधाचा कॅन असतो. औषध दाट, गुलाबी आणि भलतं कडक. कोणी माझा खटका दाबला की नळाचं पाणी माझ्या अरुंद गळ्यातून जोरात धावतं आणि त्या ओढीनं कॅनमधलं औषध नळीतून वर चढतं. दोघं माझ्या पोटात मिसळतात आणि तिसऱ्या कप्प्यात पडतात. ना मोटर, ना वीज.

आता औषध किती चढायचं हे कोण ठरवतं? नळीच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक पिवळा प्लास्टिकचा मणी बसवलेला असतो. मण्याला आरपार बारीक भोक. जेवढं भोक तेवढं औषध. माझी सगळी अक्कल त्या एका भोकात आहे.

आणि इथेच माझा जीव टांगणीला लागतो. औषध कमी पडलं तर जंतू ताटाला चिकटून जेवणाऱ्यांच्या पोटात जाणार. जास्त झालं तर धुणाऱ्याचे हात खाणार. मी काय देतोय ते माझं मला कळत नाही. आचारी निदान पळी जिभेला लावून चव बघतो. मला जीभच नाही. मी ओततो आणि वाट बघत बसतो. खरं काय ते सांगते कागदाची एक पट्टी. ती पाण्यात बुडवायची, रंग बदलला की पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या चौकोनांशी ताडून बघायची. फिकट हिरवा म्हणजे कमी, मधला हिरवा म्हणजे बेतात, गडद हिरवा म्हणजे अति. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडल्यापडल्या एका बाईनं माझ्या पोटात पाणी सोडून बघितलं. 'चालतोय,' एवढंच म्हणाली आणि खोक्यात घातलं. चालतोय म्हणजे बरोबर चालतोय का, हे विचारायची सोय नव्हती. खोक्याच्या अंधारात मी तोच विचार करत पडून राहिलो. काळजी करायची सवय मला तिथेच लागली.

मग या कॅन्टीनमध्ये आलो. वर मोठी थोरली ऑफिसची इमारत, आणि खाली तळघरात हे स्वयंपाकघर. मला बसवायला आलेला प्लंबर घाईत होता. दुसरा स्क्रू तिरका गेला. 'काढला तर फरशी फुटेल, राहू दे,' म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघून गेला. तेव्हापासून मी असा कललेला.

पहिल्याच दिवशी भांडी घासणाऱ्या काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सगळं स्वयंपाकघर त्यांना काकूच म्हणतं. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला लागल्या की नळ बंद करायचं विसरणाऱ्या. त्यांनी माझ्यासारखीच मान डावीकडे कलती केली आणि म्हणाल्या, "काय रे डब्या, मान आखडली का?" मग तळहातानं ढकलून मला सरळ केलं. दुपारपर्यंत मी पुन्हा कललो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा सरळ केलं. हा आमचा रोजचा खेळ होऊन बसला.

काकूंच्या एप्रनच्या खिशात कायम एक दोऱ्याचं रीळ आणि सुई असते. कोणाचं बटण तुटलं की ते काकूंकडे येणार. मॅनेजरबाईंच्या कोटापासून आचाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यापर्यंत सगळ्यांच्या छातीवर काकूंचे टाके आहेत. त्यांच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा त्या नातीचं लाडाचं नावही बटणावरूनच पडलं, 'गुंडी'. फोन माझ्या अंगाला टेकवून ठेवलेला होता, त्यामुळे बातमी सगळ्यांत आधी मला कळली.

"आजी झाले बरं का मी, डब्या!" काकू ओल्या हातानंच डोळे पुसत म्हणाल्या. साबण डोळ्यात गेला. मग डोळे चोळत हसल्या.

मुलीचं घर याच गावात, काकूंच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. रोज काम संपलं की काकू तिकडे जायच्या, आणि सकाळी मला इत्थंभूत बातमी मिळायची. गुंडी शिंकली. गुंडीनं जांभई दिली. गुंडीनं आजीचं बोट धरलं आणि सोडेचना. मला बाळ कसं दिसतं ठाऊक नव्हतं, पण माझ्यापुरती मी एक छोटी, गोल, गुलाबी वस्तू कल्पून ठेवली होती.

याच सुमारास माझं पोट बिघडलं.

इथलं पाणी जड आहे. किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो, तसा माझ्या मण्याच्या भोकातही धरला. औषध चढेना. मॅनेजरबाईंनी पट्टी बुडवली तर ती फिकटच राहिली. दोन दिवसांनी तपासनीस यायचा होता. मॅनेजरबाई तशा बऱ्या स्वभावाच्या, पण तपासणी म्हटली की त्यांना दुसरं काही सुचत नाही. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

काकूंनी नळी ओढून काढली, मणी तळहातावर घेतला, उजेडात धरला. "हात्तिच्या, चोंदलाय नुसता!" खिशातून सुई काढली आणि भोकात घालून फिरवली. पांढरा चुरा बाहेर पडला. पट्टी पुन्हा हिरवी झाली. मधला हिरवा. मॅनेजरबाईंनी काकूंना जवळजवळ मिठीच मारली. मलाही मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू! चोंदलेलं नाक सुटल्यावर वाटतं तसं.

त्या एका वेळेवर थांबलं असतं तर मी हे सांगत बसलो नसतो. पण काकू पडल्या टापटिपीच्या. त्यांनी ठरवून टाकलं की पुन्हा म्हणून डबा चोंदू द्यायचा नाही. दर आठवड्याला मणी काढायचा, सुई घालायची, गरगर फिरवायची, फुंकर मारायची, बसवायचा. मणी प्लास्टिकचा आणि सुई पोलादाची. प्रत्येक वेळी भोकाची कड जराशी खरवडली जायची. आत काहीतरी सैल होतंय हे मला जाणवायचं. 'काकू, पुरे,' मी मनात ओरडायचो. काकू प्रेमानं आणखी दोन वेढे द्यायच्या.

मग पट्टी गडद व्हायला लागली.

पहिल्यांदा ती गडद हिरवी निघाली तेव्हा मी धसकलो. आता बोंब होणार, आता मला उघडणार, असं वाटलं. मॅनेजरबाईंनी पट्टी डबीशी लावली, शेवटच्या चौकोनाशी रंग जुळवला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई! एकदम वरचा रंग! काकू, याला म्हणतात स्वच्छता."

माणसांची ही खोड मला फार उशिरा कळली. त्यांना शेवटचा चौकोन म्हणजे पहिला नंबर वाटतो. साखर जास्त म्हणजे चहा गोड, आच जास्त म्हणजे जेवण लवकर, मग औषध जास्त म्हणजे भांडी आणखी स्वच्छ. अति तेथे माती ही म्हण त्यांनीच केलेली, पण ती दुसऱ्याला सांगायची असते. मॅनेजरबाईंनी ती पट्टी चिकटपट्टीनं भिंतीवर लावली, अगदी माझ्या शेजारी, शाळेतल्या बिल्ल्यासारखी. पुढच्या आठवड्यात त्याहून गडद पट्टी आली, तीही तिच्या शेजारी चिकटली. माझा गौरव होत होता आणि मी भीतीनं अर्धा होत होतो.

आधी काकूंच्या बोटांची टोकं लाल झाली. मग नखांच्या कडेची कातडी सोलायला लागली. मग पेरांवर बारीक चिरा पडल्या. काकूंनी हातमोजे घालून बघितले. ते त्यांच्या हातांना मोठे पडत. मनगटाकडून पाणी आत शिरायचं आणि माझं कडक पाणी आतच कोंडून बसायचं. आगीतून निघून फुफाट्यात. शेवटी त्यांनी मोजे काढून खुंटीला अडकवले आणि पुन्हा उघड्या हातांनी ताटं बुडवायला लागल्या. हात पाण्यात गेला की त्या 'स्स' करायच्या, फार मोठ्यानं नाही, पण मी अगदी वरच टांगलेला, मला ऐकू यायचंच.

त्यातच आचाऱ्यानं एकदा त्यांचे हात पाहिले. आचारी मनाचा चांगला आहे, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीतलं थोडंथोडं ठाऊक असतं.

"काकू, ही खरूज दिसतेय," तो म्हणाला. "माझ्या मेहुण्याला अशीच झाली होती. घरभर पसरली. तुमच्याकडे तान्हं बाळ आहे ना? जपा हं. लहान पोरांना पटकन लागतं."

झालं. तो पुन्हा कांदा चिरायला वळला. काकूंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी त्या मुलीकडे गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बातमी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. काकूंनी तो नेहमीसारखा माझ्या अंगाला टेकवला.

"आई, आलीच नाहीस?"

"अगं, सर्दी झालीय. बाळाजवळ नको म्हटलं."

"मग कॅमेरा लाव, गुंडीला दाखवते."

"नको गं, इथे वाफच वाफ आहे. काही दिसायचं नाही."

वाफ नव्हती. काकू दोन्ही हात एप्रनखाली धरून उभ्या होत्या. मुलीला न दिसणारे हातसुद्धा त्या लपवत होत्या. मला असं झालं की आत्ता भिंतीवरून उडी टाकावी.

सर्दी लांबली. सर्दी किती लांबवायची याला काही मर्यादा असते. मग काकू सांगायला लागल्या की काम फार आहे. मुलीचा आवाज हळूहळू बदलत गेला. आधी काळजीचा होता, मग रुसलेला, मग नुसता कोरडा.

"राहू दे आई. तुला वेळ झाला की ये."

फोन बंद झाल्यावर काकू माझ्याशी बोलत नसत. सकाळचं सरळ करणंही थांबलं. आपले हात कशाला लागू नयेत असं त्यांना वाटायला लागलं होतं. आचाऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा त्यांनी घेतलं नाही. "दुसरीकडून लावून घ्या, दादा," म्हणाल्या.

आणि या सगळ्याचं कारण मला ठाऊक होतं. फक्त मलाच! त्यांना खरूज नव्हती, त्यांना मी झालो होतो. एकदा सगळा जोर लावून मी त्यांच्या मनगटावर एक थेंब टाकला. म्हटलं, वर बघतील, शंका येईल. तो थेंबही औषधाचाच होता. चिरेवर पडला, चुरचुरला. "रडतोस कशाला?" काकू म्हणाल्या आणि मनगट एप्रनला पुसलं. पुन्हा तसला आगाऊपणा मी केला नाही.

मला वाचवलं ते औषधाच्या कॅननं. तो भराभर रिकामा व्हायला लागला. मॅनेजरबाईंनी तो हलवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हा डबा गळतोय कुठेतरी." आणि त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. लगेच दुसरी भीती वाटली, की यानं मला भंगारात काढायला सांगितलं तर? पण म्हटलं, काढू दे. निदान काकू सुटतील.

दुरुस्तीवाला उंच, गुणगुणणारा माणूस. सिंकखाली बसताना डोकं आपटलं, उठताना पुन्हा आपटलं. त्यानं कॅनची जाळी धुतली. नळीवर बोट फिरवून चीर शोधली. माझ्या सांध्यांना टिपकागद लावून ओल येते का पाहिलं. मग मणी काढला. त्यानं मणी चिमटीत धरला, बघितला, पुटपुटला, "पिवळा. बरोबर आहे," आणि पुन्हा जागेवर बसवला.

मण्यांचे रंग असतात ना. कुठल्या रंगाला किती भोक हे ठरलेलं. पिवळा म्हणजे एवढं, लाल म्हणजे तेवढं. त्यानं रंग बघितला, भोक बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं. कळसा तर चक्क चिमटीत होता!

"गळती नाही सापडली, पण नळी जुनी झालीय," असं म्हणून त्यानं नळी बदलली, वॉशर बदलला आणि गुणगुणत गेला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. नवी नळी घट्ट बसली, त्यामुळे ओढ आणखी वाढली. आता औषध पूर्वीपेक्षाही जोरात चढायला लागलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त आलं. त्यांनी त्यावर चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला.

"आई, यांची लांब बदली झाली. शनिवारी निघतोय आम्ही."

काकूंनी नळ बंद केला. "इतक्या लांब? एवढ्या लगेच?"

"हो. तुला सांगावं म्हणून फोन केला. येणारेस का त्याआधी?"

काकूंनी चिंधी गुंडाळलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बघते."

"बघते काय आई! तुझा माझ्यावर काही रागबिग आहे का? असेल तर गुंडीवर कशाला काढतेस?"

फोन बंद झाला. काकूंनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि रडल्या. आचारी पाठमोरा होता, त्याला कळलं नाही. मी एवढ्या जवळून कोणाला रडताना पाहिलं नव्हतं. शनिवार जवळ येत होता आणि मी भिंतीवर स्क्रूनं आवळलेला होतो. मन चिंती ते वैरी न चिंती. काकू जाणार नाहीत, बाळ निघून जाईल, मोठं होईल, आजीचं तोंड ओळखणार नाही, इथपर्यंत सगळं मी मनात बघून टाकलं.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरून तक्रार आली, चहाला औषधाचा वास येतोय. कॅन तर पुन्हा तळाला गेलाच होता. मॅनेजरबाईंनी दुरुस्तीवाल्याला तातडीनं बोलावलं. तो आला, या वेळी डोकं सांभाळून, आणि गुणगुणत नव्हता.

"पट्टी लावून बघितली होती का?" त्यानं विचारलं.

"ही काय," मॅनेजरबाईंनी अभिमानानं भिंतीकडे बोट दाखवलं. "कधीच कमी आलेली नाही."

दुरुस्तीवाल्यानं भिंतीवरची रांग बघितली. मग डबीवरच्या चौकोनांवर बोट ठेवत म्हणाला, "बाई, बरोबर रंग हा मधला. हा शेवटचा म्हणजे ताप चढलाय. तापाचा आकडा जास्त आला म्हणून कोणी पेढे वाटतं का?"

मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःच्या खिशातली पट्टी काढून माझ्या पाण्यात बुडवली. ती शेवटच्या चौकोनापेक्षाही काळपट निघाली. मग त्यानं माझी नळी ओढली, मणी काढला, आणि या वेळी तो दिव्यासमोर धरला. एक डोळा मिटला. पिशवीतून नवा पिवळा मणी काढून शेजारी धरला. दोन्ही भोकं शेजारीशेजारी आली तेव्हा मॅनेजरबाईंनाही फरक दिसला.

"चुकलं माझं," दुरुस्तीवाला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मागच्या खेपेला मी नुसता रंग बघितला. यात कोणी काय घातलं होतं?"

"सुई," काकू लगेच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जरा ताठा आला होता. "दर आठवड्याला मीच साफ करते. एकदासुद्धा चोंदू दिला नाही."

काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ताठा ओसरला. "काय झालं? चुकलं का काही?"

दुरुस्तीवाल्याची नजर तोवर त्यांच्या चिंधीवर गेली होती. "काकू, हात दाखवा बघू."

काकूंनी हात मागे घेतले. "नको भाऊ. खरूज आहे. तुम्हाला लागेल."

"कोणी सांगितलं खरूज आहे म्हणून?"

आचारी पातेल्यात इतका वाकला की आत पडतो की काय असं वाटलं.

"मी काही डॉक्टर नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण औषध जास्त झालं की धुणाऱ्यांचे हात असेच होतात, हे मी दोनचार ठिकाणी बघितलंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. हा कॅनवरचा कागद बरोबर न्या, म्हणजे त्यांना कळेल हात कशात होते ते."

मॅनेजरबाई स्वतः काकूंना घेऊन गेल्या. तेवढ्या वेळात दुरुस्तीवाल्यानं माझ्या तोंडाशी नवा मणी बसवला, पाणी सोडलं, ते थोडं स्थिरावू दिलं आणि पट्टी बुडवली. मधला हिरवा. एरवी मला हर्षवायू झाला असता. पण माझा सगळा जीव दाराकडे लागला होता. आचाऱ्याचाही. त्यानं त्या दिवशी मीठ दोनदा घातलं.

काकू परत आल्या त्या थेट सिंकपाशी. मागून मॅनेजरबाई.

"हे पसरत नाही," काकू म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरूजबिरूज काही नाही. औषधानं कातडी जळलीय. कोणाला लागत नाही. मी तीनदा विचारलं. बाळाला? तर म्हणाल्या, बाळालाही नाही." मग त्या जुन्या मण्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मीच सुई घालून घालून माझे हात जाळले."

मला वाटलं, आता खचतील. चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फुटलं की माणसं खचतात, मी ऐकलं होतं. काकूंनी चिंधी बांधलेला हात कपाळावर मारला आणि खो खो हसत सुटल्या. हसताहसता डोळ्यांतून पाणी.

"बरं झालं बाई! माझंच आहे ना सगळं? माझा मूर्खपणा माझ्यापाशी. गुंडीला तो लागत नाही!"

शनिवारी सकाळी मुलगी मागच्या दारानं आली. बाहेर सामान लादलेली गाडी उभी होती. कडेवर गुंडी. काकूंनी आदल्या संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी मुलीचा राग पुरता गेला नव्हता.

"सर्दी म्हणे!" ती दारातूनच म्हणाली. "हात सडवून घेतलेस पण मला सांगितलं नाहीस."

"तू धावत आली असतीस गं. बाळाला घेऊन."

"मग? यायलाच हवं होतं ना मी!" आणि मग तिनं काकूंचे हात पाहिले आणि गुंडीला त्यांच्याकडे पुढे केलं.

गुंडीला घ्यायला काकू पुढे झाल्या, आणि थबकल्या. हात धुवायला वळल्या. सवयीनं बोट माझ्या खटक्याकडे आलं. बोट हवेतच थांबलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडचा साध्या पाण्याचा नळ सोडला. हात धुतले, स्वच्छ फडक्याला हलके टिपले आणि गुंडीला उचललं. मला ओलांडून कोणी दुसऱ्या नळाकडे गेलं तर एरवी माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी झाला नाही.

बाळ माझ्या कल्पनेइतकं गोल नव्हतं. बरंच चिडकं होतं. त्यानं आजीचं चिरलेलं बोट मुठीत धरलं आणि काकू 'स्स' म्हणाल्या. पण बोट सोडवून घेतलं नाही.

आता सगळं रुळावर आलंय. आचाऱ्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात आणि त्याला ते चुपचाप ऐकून घ्यावं लागतं. मॅनेजरबाईंनी भिंतीवरच्या पट्ट्या स्वतः खरवडून काढल्या. काकूंना हाताच्या मापाचे मोजे मिळाले. जुना मणी काकूंनी दोऱ्यात ओवून माझ्या तिरक्या स्क्रूला टांगलाय. सुई घालायची हाव सुटली की काकू त्या जुन्या मण्याकडे बघतात आणि नवा मणी कोमट पाण्यात भिजत घालतात. थर आपोआप सुटतो. त्याला टोचावं लागत नाही.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा एखादा डबा तुमच्याकडे असेल तर त्याच्या मण्यात सुई घालू नका. पट्टी गडद झाली म्हणून टाळ्या वाजवू नका, मधला रंग बघा. आणि कोणी हात लपवताना दिसलं तर आजाराचं नाव देण्याआधी ते हात कशात बुडतात हे एकदा बघा.

माझी भीती काही गेली नाही. अजूनही खटका दाबला की मी किती दिलं, किती दिलं, असं होतं. मग काकू पट्टी बुडवतात, डबीशी धरतात आणि म्हणतात, "बेतात आहे रे." तेवढ्यावर माझा दिवस निघतो. सकाळी तळहातानं मला सरळ करतात, दुपारी मी कलतो.

दुपारीच मुलीचा फोन येतो. कॅमेरा लावलेला असतो. काकू फोन माझ्या अंगाला टेकवतात. मुलगी जेवलीस का, बरी आहेस का, असलं काही आधी विचारत नाही.

"आई, हात दाखव," म्हणते.

काकू मोजे काढतात आणि दोन्ही पंजे उलटसुलट करून फोनसमोर धरतात. मुलगी नीट बघते. वरून मीही बघतो.